शिडीला नऊच पायऱ्या

आमच्या घरात दोन जिल्हे नांदतात. मी सांगलीचा, बायको साताऱ्याची. संसाराला ३३ वर्षं झाली, पण हद्दीचा दगड नेमका कुठं पुरलाय ते मला अजून सापडलेलं नाही. आपण हद्द ओलांडली एवढंच कळतं, तेही ओलांडल्यावर.

बरीच वर्षं हे भांडण कंदी पेढे विरुद्ध भडंग एवढ्यावर चालायचं. २०२२ साली मोहित्यांचे वडगावची बातमी आली आणि मला अवदसा आठवली.

"हे बघ," मी म्हणालो, "तालुका कडेगाव, जिल्हा सांगली. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि अख्खं गाव टीव्ही, मोबाईल बंद करतं. दीड तास! पोरं अभ्यासाला बसतात, माणसं एकमेकांशी बोलतात. याला म्हणतात समाज."

तिनं माझ्या हातातल्या मोबाईलकडं पाहिलं, मग घड्याळाकडं. साडेसात वाजले होते.

मग तिनं मंडईतल्या भाजीचे दर सांगावेत तसा सातारा सांगायला सुरुवात केली. वेळू, कोरेगाव तालुका, २०१६, पानी फाउंडेशनच्या पहिल्याच वॉटर कपात पहिला नंबर. टाकेवाडी, माण तालुका, २०१८, परत पहिला. भिलार, पुस्तकांचं गाव, २०१७. मी आर. आर. आबांना मध्ये आणलं. ग्रामस्वच्छता अभियान कुणी काढलं? अंजनीच्या आबांनी. २००७ ची तंटामुक्ती कुणाची? आबांची. तालुका तासगाव, जिल्हा सांगली.

"तंटे होते म्हणून मुक्ती काढावी लागली," ती म्हणाली.

मी नाना पाटलांचं पत्रीसरकार काढलं. कुंडल आमच्याकडं. तिनं शांतपणे सांगितलं की १९४३ साली कुंडल सातारा जिल्ह्यातच होतं. १९४९ मध्ये जिल्हा फुटला, तुम्ही 'दक्षिण सातारा' झालात आणि सांगली हे नाव लागलं ते १९६० साली. "म्हणजे तुम्ही वेगळी चूल मांडलेले धाकटे," ती म्हणाली. "वाटणीत नाना पाटलांना घेऊन गेलात एवढंच."

आता माणसानं गप्प बसावं. पण मी खालच्या पातळीवर उतरलो आणि नकुशींचं नाव काढलं. मुलगी नको म्हणून तिचं नावच नकुशी ठेवायचं, हा तुमचा सातारा.

ती पोळी लाटायची थांबली. "होय, आमचाच. पण आम्ही गावोगाव मोजून काढल्या. २०११ साली २८५ पोरींची नावं समारंभ करून बदलली. तुमच्याकडं कुणी मोजलं का?"

मोजलं का! माझ्यासारख्याला हे विचारावं? उभी हयात मी बँकेत विवरणपत्रं भरण्यात घालवलेली. दर तिमाहीला किती खाती, किती थकीत, किती शेतकरी, त्यात अल्पभूधारक किती. ही विवरणपत्रं वर कुणी वाचत नसे, हे मला निवृत्तीच्या आदल्या महिन्यात कळलं. पण मोजण्याची खोड जाता जात नाही. मी त्याच रात्री ठरवलं. दोन्ही जिल्ह्यांतलं एकेक गाव घ्यायचं आणि कुठली माणसं गावकीत जास्त भाग घेतात, कुठली जास्त सुखी आहेत, ते आकड्यानिशी सिद्ध करायचं.

पुण्यात शिकणाऱ्या भाच्यानं तेवढ्यात आगीत तेल ओतलं. त्यानं मला रॉबर्ट पुटनम नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाचं १९९३ सालचं पुस्तक आणून दिलं. या गृहस्थानं इटलीत जाऊन उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या प्रांतांची तुलना केली. कुठली प्रांतिक सरकारं चांगली चालतात? आणि उत्तर शोधताना त्यानं काय मोजलं? गाण्याची मंडळं आणि फुटबॉलचे क्लब. जिथं माणसं एकत्र जमून गातात, खेळतात, तिथला कारभारही बरा चालतो.

उत्तर इटली, दक्षिण इटली. उत्तर सातारा, दक्षिण सातारा! पुटनमनं आमच्यासाठीच लिहिलं होतं. मी उत्साहानं बायकोला सांगितलं.

"मग कोण पुढं निघालं?" तिनं विचारलं.

"उत्तरेकडचे," मी जरा हळू म्हणालो.

"झालं तर," ती म्हणाली आणि दिवा मालवला.

वर सकाळी पुरवणी जोडली. शेतकऱ्याच्या घरी जाऊन शास्त्रशुद्ध पाहणी करायचं काम गोखले संस्थेच्या धनंजयराव गाडगीळांनी कधीच करून ठेवलंय, १९४० साली ते छापूनही आलंय, आणि तेही वाई तालुक्यात. वाई कुठल्या जिल्ह्यात आहे ते तिनं सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

तर माझं कृष्णाकाठचं गाव आणि तिचं कोरेगावच्या बाजूचं माहेर अशी दोन गावं मुक्रर झाली. नावं सांगत नाही. मला दोन्हीकडं अजून जेवायला जायचंय. मी ६४ प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. ६४ जास्त वाटतात? केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयानं पंचायतींची प्रगती मोजायला सुरुवातीला नऊ विषय आणि ४३५ निर्देशक काढले होते. त्यांच्यापुढं मी म्हणजे चिल्लर.

पहिला प्रश्न मी फार मेहनतीनं बेतला होता. 'गेल्या बारा महिन्यांत आपण सामूहिक निर्णयप्रक्रियेत किती वेळा सहभाग नोंदवलात?' पाराखाली बसलेल्या चुलत्यांना मी तो वाचून दाखवला. त्यांनी पान तोंडात एका गालातनं दुसऱ्या गालात नेलं.

"म्हंजी काय?"

"म्हणजे, गावकीत भाग घेतलात का?"

"आरं, गावकीतनं एक डाव सुटू तर दे. मग भाग घ्यायचा का न्हाय त्ये बघू की."

मी लिहिलं : 'सहभाग – लागू नाही.'

मग पुटनमच्या वाटेनं मंडळं मोजायला घेतली. माझ्या गावात गणेश मंडळं निघाली नऊ. मी हरखलो. एवढ्याशा गावात नऊ! हे तर मिलानच्या वर गेलं. मग एकेका मंडळाची स्थापना कशी झाली ते विचारायला लागलो. पहिलं मंडळ एकच होतं. आरतीला आधी कुणी उभं राहायचं यावरून दुसरं निघालं. बँजो लावायचा का डॉल्बी यावरून तिसरं. चौथं खजिनदारावरून. पाचवं कशावरून?

"चवथ्यावरनं."

दूध संस्था दोन, कारण गट दोन. विकास सोसायटी दोन, कारण दूध संस्था दोन. भजनी मंडळंही दोन निघाली. पेटी ज्यांच्या मालकीची आहे ते एक, आणि पेटी ज्यांना वाजवता येते ते दुसरं. म्हणजे मी संघटना मोजत होतो की भांडणं, हा प्रश्न कुठल्याही शहाण्या माणसाला पडला असता. मी प्रत्येक मंडळाला पाच गुण दिले. एकूण ४५ पैकी ४५.

सुखाचा प्रश्न होता चौसष्टावा, आणि त्यानं माझा घात केला. जगभरात सुख मोजायला एक शिडी वापरतात. हॅडली कँट्रिल नावाच्या माणसानं १९६५ सालच्या पुस्तकात ती मांडली आणि आज जागतिक आनंद अहवालात देशांचे नंबर लागतात ते त्याच शिडीवरून. प्रश्न असा : समजा एक शिडी आहे. सगळ्यात वरची पायरी दहा, म्हणजे तुमच्या दृष्टीनं सगळ्यात चांगलं आयुष्य. सगळ्यात खाली शून्य. आज तुम्ही कितव्या पायरीवर आहात?

मी हे पाराखाली विचारलं. जरा वेळ कुणी बोललं नाही.

"शिडी कुनाची?" एकानं विचारलं.

"कुणाचीच नाही. समजा म्हटलं मी."

"पंचायतीची असंल. लाकडी का लोकंडी?"

"पंचायतीच्या शिडीला दहा न्हाईत, नऊ पायऱ्या हाईत," दुसरा म्हणाला. "खालनं तिसरी मोडलीया."

"मोडली कवा? मी नेली तवा चांगली हुती."

"तू नेलीस कवा?"

इथून पुढं सुख बाजूला राहिलं. पंचायतीची शिडी दिवाळीत रंगकामाला एकानं नेली होती. त्यानं ती आणून दिली, पण शिपाई नव्हता म्हणून दुसऱ्याच्या भिंतीला टेकवली. दुसऱ्याच्या मेव्हण्याला नारळ काढायचे होते. तिथून ती मळ्यात गेली. एक जण म्हणाला मळ्यात नाही, शाळेत आहे. दोघं शाळेत बघायला गेले, तिघं मळ्यात. माझ्यापुढं बसलेले सातही उत्तरदाते शिडी शोधायला निघून गेले, आणि मी हातात पॅड धरून पारावर एकटा बसून राहिलो.

एक आज्जी तेवढ्या उरल्या. भिंतीला टेकून शेंगा फोडत होत्या. मी त्यांना विचारलं, "आज्जी, तुम्ही कितव्या पायरीवर?"

"मी कशाला चढू? वर चडायचं म्हंजी खाली धराया मानूस लागतंय." मग मागच्या भिंतीकडं हनुवटीनं खूण केली. "एकुनीसच्या सालात चडलेली. तवा धरलीती तिगांनी."

भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर हातभर उंचीला एक मळकट रेघ होती. रेघेखाली रंगाला पोपडे, रेघेवर रंग शाबूत. कृष्णाकाठच्या गावात अशी रेघ घराघरात आहे. आमच्याकडं सुखदुःखाचा आकडा खरं तर एकच आहे आणि तो दहापैकी नसतो, फुटांत असतो. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ चा. त्याच्याजवळ पाणी ४० फुटांना गेलं की इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टात ते ५७ च्याही वर गेलं. पावसाळ्यात आमच्या गावात कुणी कुणाला 'कसं काय' विचारत नाही, 'आयर्विनला किती' विचारतात. चौथीतलं पोरगं सांगतं : कोयनेतनं एवढं सोडलंय, सकाळपर्यंत एवढं वाढंल. याला डेटा म्हणतात हे त्याला माहीत नाही, आणि मलाही तेव्हा सुचलं नाही. मी आज्जींच्या नावापुढं लिहिलं : 'शिडी – उत्तर देण्यास नकार.'

ही रेघ माझ्या आकड्यांनाही नडली. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर आमच्या गावात पॅड घेऊन आलेला माणूस म्हणजे पंचनामा. त्यातून मी बँकेतला. दुसऱ्या दिवसापासून माझ्यामागं बातमी पसरली, 'यादी करत्यात.' कसली यादी कुणी विचारलं नाही. घरकुल असेल, नुकसानभरपाई असेल, व्याजमाफी असेल. सुखाच्या प्रश्नाला जो तो शून्य सांगायला लागला. दोन ट्रॅक्टर आणि एक चारचाकी दारात उभी असलेल्या गृहस्थांनी डोळ्यांत पाणी आणून "एक लिवा, सायेब" म्हटलं. मी दोन लिहिले तर ते म्हणाले, "दोन लिवल्यावर बसंल न्हवं यादीत?" दहा माणसांनी मला आधारकार्डाच्या झेरॉक्स दिल्या. त्या अजून माझ्याकडं आहेत. परत करायला गेलो तर अर्ज नामंजूर झाला असं समजतील, म्हणून जात नाही.

माझ्या गावाची सरासरी आली २.१.

जुलैत बायकोच्या माहेरी गेलो. तिथं भलतीच अडचण. तिथं मी जावई. जावयापुढं कुणी रडगाणं गात नाही. "दहा लिवा, जावईबापू. अकरा असलं तर अकरा लिवा." पहिल्या दिवशी १७ घरं झाली आणि १७ चहा. चहा नको म्हटलं तर दूध. दूध नको म्हटलं तर "आमच्यात खात न्हाईत व्हय?" प्रश्न विचारायला तोंड मोकळं असायला लागतं, ते कधी नव्हतंच.

एका घराचं तेवढं सांगतो. म्हातारी एकटीच असते. थोरला नवी मुंबईत माथाडी, धाकटा त्याच्यासंगं. बाहेर पाऊस लागलेला. तिनं मला पाटावर बसवलं, मग पाट जरा डावीकडं सरकवला, मग पुन्हा थोडा मागं. मी पुटनम, कँट्रिल डोक्यात घेऊन बसलेलो. मला वाटलं ही माझी बैठक मांडतेय. मग तिनं उजव्या बाजूला एक पातेलं ठेवलं आणि त्यात टप्प, टप्प पडायला लागलं. पातेल्याच्या शेजारी एक परात होती, ती आधीच अर्धी भरलेली.

"शिडी असती ना आज्जी, दहा पायऱ्यांची..."

"दहा," ती म्हणाली. "लेकीच्या मालकाला कमी कसं सांगू?"

मी दहा लिहिले. मोठ्या समाधानानं लिहिले. नमुन्यात असं एकमत येणं दुर्मिळ असतं.

१५ ऑगस्टला तिथंच ग्रामसभेला हजर राहून मी सहभागाचा प्रत्यक्ष पुरावा गोळा करायचं ठरवलं. ग्रामसभेला गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतली कमी असेल तेवढी माणसं लागतात. मी मारुतीच्या देवळात एका खांबाला टेकून डोकी मोजली. २३ भरली. त्यांत मी, ग्रामसेवक आणि आईबरोबर आलेली दोन पोरं. रजिस्टर बघितलं तर सह्या ११२.

मी शिपायाला बाजूला घेतलं. तो मनानं फार सरळ होता. "सह्या आल्यात त्यांच्या," तो म्हणाला. "माणसं यायची राहिलीत."

मी वहीत नोंद केली : 'सहभागाची लेखी तयारी उत्तम, शारीरिक उपस्थिती मध्यम.' तेवढ्यात रजिस्टर माझ्यापुढं आलं आणि मीही सही केली. त्या गावच्या मतदारयादीत माझं नाव नाही. ११३.

त्याच रात्री त्याच देवळात दुसरी बैठक होती, चैत्रातल्या यात्रेच्या शिल्लक पैशांची. मला जेवण जड झालं होतं म्हणून शतपावलीला निघालो, तर देवळात पाय ठेवायला जागा नाही. माणसं पायऱ्यांवर, पोरं कठड्यावर, बाया शेजारच्या ओसरीवर. मुंबईकर मंडळी मोबाईलवर होती. एका फोनमध्ये सहा तोंडं, तो फोन नारळाला टेकवून ठेवलेला. तिकडं माझ्या सांगलीच्या खानापूर-आटपाडीकडच्या गलाईवाल्यांचंही असंच असतं. सोनं गाळायला देशभर पांगलेत, पण गावच्या जत्रेत मांडव कुठल्या बाजूला घालायचा यावर त्यांचं मत असतंच. रात्री साडेअकरापर्यंत हरिजागराच्या खर्चावर वाद चालला. ही बैठक माझ्या प्रश्नावलीत बसत नव्हती. 'सामूहिक निर्णयप्रक्रिया' या सदराखाली फक्त शासकीय सभा धरायच्या असं माझंच टिपण होतं. मी घरी येऊन झोपलो.

बायकोच्या गावाची सरासरी आली ९.८. मी तिला आकडा सांगितला तेव्हा ती लसूण सोलत होती. "मला कळायला ६४ प्रश्न लागले नसते," ती म्हणाली. माझी बाजू अशी की मी हरलो होतो, पण शास्त्रीय पद्धतीनं. आणि तिथंच थांबलो असतो तर एवढ्यावर भागलं असतं.

पण फाल्गुनात यात्रेच्या बैठकीला मेव्हणे म्हणाले, "दाजी, तुमचं त्ये मोजलेलं दाखवा की गावाला." शाळेचा प्रोजेक्टर आला. देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर उजेड पडला. दोनशे माणसं बसली होती. माझ्या आयुष्यात माझी विवरणपत्रं एवढ्या माणसांनी कधी बघितली नव्हती. आवाज घोगरा झाला.

सुरुवातीलाच मी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'उत्तरं देणाऱ्यांची ओळख गुप्त ठेवण्यात आली आहे.' नावांऐवजी क्रमांक. मग पहिला नमुना वाचायला घेतला.

"क्रमांक एक. वय १९ वर्षं. विधवा. नातवंडं सात."

कुणीतरी खोकलं.

"क्रमांक दोन," मी नेटानं पुढं गेलो. "वय २०. गुडघेदुखी. पेन्शन बंद पडल्याबद्दल तक्रार. क्रमांक... शेवटचा बघू. वय ८४. रोज तालमीत दोनशे जोर, अडीचशे बैठका. लग्न ठरवायचं चालू आहे."

देवळाच्या पायरीवरचे ८४ वर्षांचे एकमेव गृहस्थ उठून उभे राहिले आणि त्यांनी फेटा सारखा केला. मग जो हशा उठला तो शांत व्हायला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही.

झालं होतं ते असं. वयाप्रमाणं यादी लावताना मी एक्सेलमध्ये फक्त वयाचा रकाना निवडला होता. वयं चढत्या क्रमानं नीट लागली. माणसं जागच्या जागी राहिली. संगणकानं मला विचारलं होतं की शेजारचे रकानेही बरोबर घ्यायचे का. मी नको म्हटलं होतं. खालच्यांनी काहीही विचारलं की नको म्हणायचं, ही ३५ वर्षांच्या नोकरीची सवय.

मी घामाघूम होऊन प्रोजेक्टर बंद करायला गेलो तर सरपंचबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या की, लावून टाकू." आणि गावानं ती यादी लावायला घेतली. तोंडी. "सात नातवंडं म्हंजी वरल्या आळीची आत्या. वय ७१ लिवा." "पेन्शनीचं आबांचं." "दोन म्हशी, एक येलेली, धाकट्याचं लगीन जमंना, ह्यो तर मीच!" गुप्त ठेवलेली साठ माणसं दहा मिनिटांत नावानिशी, आळीनिशी भिंतीवर जागच्या जागी बसली. दोन ठिकाणी तर मी उत्तरंच चुकीची लिहून घेतली होती, तीही त्यांनी दुरुस्त केली. धाकट्याचं लग्न जमत नाही ही काय गुप्त गोष्ट होय?

मग क्रमांक ३७ आला. एकटी राहते, मुलगे मुंबईला, सुख दहापैकी दहा.

"दहा?" मागनं एक आवाज आला. "तिचं तर छप्पार गळतंय दोन साल."

एकदम शांत झालं. म्हातारी ओसरीवर बायांत बसली होती. तिनं पदर पुढं ओढून घेतला. माझ्याकडं बघितलं नाही.

"पत्रं हाईत का कुनाकडं?" कुणीतरी विचारलं.

"माझ्यात चार पडल्यात. पर शिडी लागंल."

"शिडी कुनाकडं हाय?"

आणि पुन्हा तेच सुरू झालं. माझे चौदा आलेख राहिले होते. त्यांत एक रंगीत वर्तुळाकार होता, तो करायला मला तीन दिवस लागले होते. तो भिंतीवर तसाच लागून राहिला आणि त्याच्यावरून, आपल्या सावल्या पाडत, माणसं शिडी बघायला गेली.

रात्री बायको अंथरुणावर बसून म्हणाली, "तिनं जावयापुढं झाकलं होतं. तुम्ही गावापुढं भिंतीवर लावलंत." यावर बोलायला माझ्याकडं काही नव्हतं. सकाळी मी म्हातारीकडं गेलो. तिनं चहा दिला. पाट जिथं होता तिथंच ठेवला. जावईबापू म्हणाली नाही, नुसतं "बसा" म्हणाली.

यात्रा चैत्रात झाली. कमिटीनं आदल्या दिवशी मला बोलावून घेतलं आणि वर्गणीची पुस्तकं पुढ्यात ठेवली. "ह्यावर्षी हिशेब तुमी लिवायचा," खजिनदार म्हणाले. हे दूध संस्थेत फॅट लावण्याचं काम करून निवृत्त झालेले. पाण्याचा थेंब लांबून ओळखतात. मी म्हणालो, माझ्यावर एवढा विश्वास? "विश्वास न्हाय वो," ते म्हणाले. "तुमाला जरा हात बसू दे."

रात्रभर बसून मी पावत्या लावल्या. यावेळी सगळे रकाने बरोबर घेऊन. तरी पन्नास रुपये कमी पडत होते. चार वेळा बेरीज केली. पहाटे कोंबडं आरवलं तेव्हा मी खिशातून पन्नासाची नोट काढून पेटीत टाकली आणि हिशेब जुळवला. बँकेत आमचा कॅशिअर हेच करायचा.

खजिनदारांनी वही घेतली, पेटी मोजली, पुन्हा वही बघितली. "ही नोट कुनाची?" मी गप्प. "पावती फाडल्याबिगार पेटीत पैसा न्हाय जात," एवढं म्हणून त्यांनी पुस्तक उघडलं.

संध्याकाळी, पालखी देवळात आल्यावर, माईकवरून देणगीदारांची नावं वाचायला सुरुवात झाली. मुंबईकर मंडळ, अमुक हजार. सुरतकर मंडळी, तमुक हजार. बाया ओसरीवर बसल्या होत्या. बायको त्यांत, आणि तिच्याशेजारी ती म्हातारी. वाचणाऱ्यानं पान उलटलं, घसा साफ केला आणि चारी कर्ण्यांतून, कोरेगावच्या बाजूच्या निदान तीन वाड्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, गावाला कळवलं :

"जावईबापू, मुक्काम सांगली, हिशेब चुकल्याबद्दल, रुपये पन्नास."

टाळ्या पडल्या. म्हातारी पदर तोंडाला लावून हसत होती. पावती बायकोच्या पाकिटात आहे, मागितली तरी देत नाही.